मुकी पट्टी

माझ्या ताईला बसता येत नाही. दुखणंबिखणं काही नाही, ठणठणीत आहे. पण खुर्चीवर टेकली की दोन मिनिटांत उठणार, पडदा सरळ करणार, गळका नळ आवळणार, माझ्या बायकोच्या हातातलं काम ओढून घेणार. चहासुद्धा उभ्याने पिते. एकदा मी वैतागून म्हणालो, "अगं बस की जरा, खुर्चीला काटे आहेत का?" तर म्हणे, "बसून काय करू?" आता याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा.

इस्पितळाच्या लॉन्ड्रीत ती सव्वीस वर्षं आहे. तिथे गरम रुळांच्या इस्त्री-मशीनमधून चादरी काढतात. दोघी जणी अलीकडून चादर ताणून आत सरकवतात, दोघी पलीकडून झेलून घडी घालतात. ताईच्या जोडीला कुणी टिकत नाही. मध्यंतरी तिला सुपरवायझर करायला निघाले होते, पण त्या कामाला टेबल आणि खुर्ची होती, म्हणून तिने नको म्हटलं. आई गेली तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि मी नऊ. मला वाढवण्यात तिचं लग्न राहून गेलं, असं नातेवाईक म्हणतात. ती म्हणते, बरी सुटले. मला दोन्ही खरं वाटतं आणि दोन्ही ऐकलं की अपराधी वाटतं.

आठवड्यातून एकदाच ही बाई दीड तास एका जागी बसायची. रविवारी सकाळी, चर्चमध्ये, पेटीसमोरच्या स्टुलावर. तेही बसणं कसलं, पाय चालूच. आमची पेटी पायांची, चांगली कपाटाएवढी. खालची दोन पेडल आलटून पालटून दाबत भात्यात हवा भरायची आणि वर दोन्ही हातांनी वाजवायचं. एकतीस वर्षं तिने ती वाजवली. तेवढ्या काळात चार पाळक आले नि गेले, दोनदा छप्पर बदललं, ताईचा रविवार चुकला नाही. माझ्या लग्नातही तीच वाजवत होती, म्हणून माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत ती नाही.

तिला शिकवलं मोठ्या बाईंनी. मोठ्या बाई म्हणजे फार जुन्या पाळकसाहेबांची बायको. त्यांनी नोटेशन वगैरेच्या भानगडीत न पडता ताईच्या हातावर आपला हात ठेवून एकेक गीत तिच्या बोटांत उतरवलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मधल्या एका पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवून सांगितलं, "ही मुकी आहे. हिच्या वाटेला जायचं नाही." ताई गेली नाही. मोठ्या बाई वारल्या, स्टूल ताईकडे आलं. गीतांच्या पुस्तकातला नंबर सांगायचा अवकाश, हात चालू. सत्त्याऐंशी म्हटलं की सत्त्याऐंशी, दोनशे चार म्हटलं की दोनशे चार. आमच्या मंडळीत गीतांना नावं नव्हतीच, नंबरच होते.

मग बिननंबरी गीतं आली.

मी कुणाच्या बाजूने आहे हे आधीच सांगून टाकतो. कुणाच्याच नाही. कारण ती गीतं आणली कुणी, तर माझ्याच पोरीने. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. एकोणीस वर्षांची आहे, आणि पाय घरात न ठरण्याच्या बाबतीत थेट आत्यावर गेलीय. ती गिटार वाजवते, एक जण कीबोर्ड, एक जण ड्रम. भिंतीवर गीतांचे शब्द दाखवणारा पडदा लागला, पुस्तकं कपाटात गेली. सुरुवातीला मी भरपूर नावं ठेवली. चार शब्द आणि ते चौदा वेळा, देव काय बहिरा आहे का, असं जेवताना बोलायचो. पोरगी ताट सोडून उठायची, बायको माझ्याकडे बघायची. आणि एका रविवारी तेच चार शब्द गाताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, काही कारण नसताना. मी इतका चिडलो की घरी येऊन कुणाशी बोललो नाही.

थोडक्यात, घरात पोरगी आणि दोन गल्ल्या पलीकडे बहीण, इकडे आड तिकडे विहीर. ताई विचारायची, "तुझी पोरगी माझी पेटी हलवणार म्हणे?" भिंगरी विचारायची, "बाबा, आत्याला समजावता का?" मी लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट मध्येच अडकली तर आतल्या माणसांना कसं शांत ठेवायचं हे मला येतं. या दोघींसमोर त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

भांडण जागेचं होतं. आमचं व्यासपीठ केवढं, तर दोन पलंगांएवढं. इतके दिवस खाली दाटीत ठेवलेला ड्रम वर घ्यायचा तर पेटी खाली जायला हवी होती, आणि खाली म्हणजे मागच्या अडगळीच्या खोलीत. पाळकसाहेब तरणे, गोड बोलणारे. कुणालाच नाही म्हणत नाहीत, त्यामुळे सगळ्यांचीच पंचाईत. त्यांनी तोडगा काढला. महिन्याच्या पहिल्या रविवारी पेटी आणि पोरं एकत्र वाजवतील. जमलं तर पेटी कोपऱ्यात राहील. नाही जमलं तर मग बघू. मग बघू म्हणजे काय ते शाळेतल्या पोरालाही कळलं असतं.

ताई माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "पेटी हलली तर मी त्या चर्चची पायरी चढणार नाही. सांगून ठेवते." उचलली जीभ लावली टाळ्याला, असलं तिचं बोलणं नसतं. ती बोलली की करते. आई गेल्यापासून तिला माझ्या घराशिवाय आणि त्या चर्चशिवाय कुठे जायला जागा नाही, हे मला माहीत होतं. त्या आठवड्यात मला धड झोप लागली नाही.

शनिवारी दुपारी तालीम ठेवली. भिंगरीने मनापासून एक चांगली गोष्ट केली होती. एकत्र वाजवायला तिने आपलं नवं गीत न घेता आत्याचं लाडकं सत्त्याऐंशी निवडलं. घरी बसून, रेकॉर्डिंग ऐकून तिने ते गिटारवर बसवलं, पोरांकडून घोटून घेतलं. आत्याला खूश करायचं होतं तिला. मी मागच्या बाकावर बसून मनात म्हटलं, सुटलो बाबा.

पहिल्या दोन ओळी छान गेल्या. तिसऱ्या ओळीच्या शेवटाला गिटार एकीकडे आणि पेटी भलतीकडे. थांबले, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच. गिटारचा सूर वर चढायचा, पेटीचा खाली उतरायचा.

"आत्या, तिथे वर आहे," भिंगरी म्हणाली.

"बाळ, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून हे मी वाजवतेय."

"पण आत्या, सगळीकडे वरच गातात."

मला तेव्हाच खटकायला हवं होतं. बाहेरचे पाहुणे आमच्याकडे आले की बरोबर त्या ओळीवर अडखळायचे, आणि आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो. आम्ही दुसऱ्या गावी कुणाच्या लग्नाला गेलो की तिथली मंडळी आम्हाला बेसूर वाटायची. नाचता येईना अंगण वाकडं, असं आम्ही त्यांना म्हणायचो.

पाळकसाहेबांना नोटेशन वाचता येतं. त्यांनी कपाटातून नोटेशनचं जुनं पुस्तक काढलं, धूळ झटकली, सत्त्याऐंशी उघडलं. बोट फिरवत तिसऱ्या ओळीच्या शेवटी थांबले. मग पेटीकडे गेले आणि पुस्तकात होती ती पट्टी दाबली. नुसती टक् वाजली. ती मुकी पट्टी होती.

ताई त्या पट्टीकडे बघत होती. मोठ्या बाईंनी मुकी पट्टी टाळायला सूर शेजारी, खाली वळवला होता. ताईने तसाच उचलला, आणि तिच्या मागून अख्ख्या मंडळीने. पाळकसाहेबांनी पुस्तक चाळलं, आणखी सात-आठ गीतांत तेच. भिंगरीने घाईघाईने म्हटलं, "आत्या, अगं काही बिघडत नाही, आम्ही तुझ्यासारखं वाजवतो ना." ताईने पेटीचं झाकण लावलं आणि चालत सुटली. तिची पिशवी तिथेच राहिली. बसचे सहा स्टॉप ती पायी गेली.

करायला गेलो एक, झालं भलतंच. आता ताईला पेटी हलण्याचं भांडणसुद्धा उरलं नाही. पहिला रविवार आठ दिवसांवर होता. पाळकसाहेब दोनदा तिच्या घरी जाऊन आले, दोनदा तिने दारातूनच बोळवण केली. रोज कामावरून सुटली की माझ्याकडे यायची आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहायची.

"एकतीस वर्षं," ती म्हणायची. "एकतीस वर्षं मी माणसांना देवासमोर चुकीचं गायला लावलं. मयताला चुकीचं, लग्नाला चुकीचं. तुझ्या लग्नाला सत्त्याऐंशीच होतं."

"देवाला काय फरक पडतो, ताई?"

"मला पडतो."

लॉन्ड्रीतल्या तिच्या जोडीदारणीने माझ्या बायकोला थांबवून सांगितलं की ताई इस्त्री झालेली चादर परत मशीनमध्ये घालतेय. भिंगरी रडत होती, तिला वाटत होतं आपण आत्याला चारचौघांत उघडं पाडलं. आणि मी दोघींवर ओरडत होतो, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं.

गुरुवारी मात्र माझं डोकं सटकलं. कामावरून परस्पर चर्चमध्ये गेलो, हत्यारांची पिशवी घेऊनच. म्हटलं, एवढा ज्या पट्टीने घोळ घातला तिचं थोबाड तरी बघू. पेटीची मागची फळी उघडली. प्रत्येक पट्टीमागे पितळेची एक पातळ जीभ असते, हवेने ती थरथरते आणि सूर निघतो. मला वाटलं होतं ही जीभ तुटलेली असणार. तसलं काही नव्हतं, ती चांगली शाबूत होती. तिच्यापुढच्या भोकात मेणात बुडवलेली एक चिंधी कोंबलेली होती.

कधीकाळी ती पट्टी आपोआप वाजत राहायला लागली असणार. स्प्रिंग ढिली होती, ते मला दिसलंच. ऐन प्रार्थनेत कोकलणारी पट्टी गप्प करायला कुणीतरी, बहुतेक मोठ्या बाईंनीच, चिंधी कोंबली. तात्पुरती. आमच्या धंद्यात मी हेच बघत आलोय, तात्पुरत्या दुरुस्तीइतकं दुसरं काही टिकत नाही. मी चिंधी ओढून काढली, नवी स्प्रिंग बसवली, पायाने हवा भरून पट्टी दाबली. सूर निघाला, स्वच्छ आणि भरदार. मला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही.

ताईला बोलावून घेतलं. तिने उभ्यानेच एक पाय पेडलवर ठेवला आणि ती पट्टी दाबली. बराच वेळ दाबून ठेवली.

"म्हणजे हिला काही झालंच नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"मी एकदाही बघितलं नाही रे. मुकी म्हणाल्या, मी मुकी धरून चालले."

मग ती बसली आणि सत्त्याऐंशी बरोबर वाजवायला लागली. बोटं सवयीने खाली घसरायची, ती हात झटकून पुन्हा सुरुवात करायची. शुक्रवारी तेच, शनिवारी तेच. शनिवारी भिंगरीही गिटार घेऊन जाऊन बसली. दोघींनी एकमेकींशी एक शब्दही न बोलता ते गीत पंचवीस वेळा तरी वाजवलं असेल. संध्याकाळी ताई मला म्हणाली, "उद्या सगळ्यांचं नीट करून टाकते. मग पेटी ठेवा नाहीतर भंगारात द्या."

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. बातमी पसरायला आमच्याकडे वेळ लागत नाही, फक्त ती धड पसरत नाही. चिंधीचं आणि मुक्या पट्टीचं कुणाला माहीत नव्हतं. लोकांपर्यंत पोचलं होतं ते एवढंच की पोरांनी तालमीत ताईला चुकीचं ठरवलं आणि ती रडत घरी गेली. म्हातारी मंडळी दात-ओठ खाऊन बसली होती. माझ्या शेजारच्या आजोबांनी तर, दोन वर्षं पडदा बघून गात असताना, त्या दिवशी मुद्दाम पुस्तक आणलं होतं.

सत्त्याऐंशी सुरू झालं. सगळे उभे राहिले. पेटी आणि गिटार, अगदी एकजीव. तिसऱ्या ओळीला ताईने ती पट्टी दाबली आणि सूर वर चढला. पण मंडळी खाली उतरली. दोनशे माणसं, सवयीने, एका दमात.

पाळकसाहेब पुढे होऊन सांगू शकले असते. त्यांनी नाही सांगितलं, गोड माणूस. दुसऱ्या कडव्याला ताईने पाय जोरात मारले, पेटीचा आवाज वाढवला. म्हाताऱ्यांना वाटलं, पोरं पेटीवर कुरघोडी करताहेत आणि आपल्या ताईला आपणच सावरायला हवं. मग काय विचारता. तिसऱ्या ओळीला आजोबांनी असा गळा काढला की माझा कान बधिर झाला. सगळं चर्च तिच्या बाजूने, तिच्यासाठी, जीव तोडून तिचीच चूक गात होतं, आणि त्यात तिचा बरोबर सूर पार बुडून गेला होता. मला हसू येत होतं आणि कुणाला तरी मारावंसंही वाटत होतं.

तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर ताईने हात उचलले. पाय थांबले. भिंगरीने आत्याकडे बघितलं आणि तारांवर हात ठेवून तिनेही थांबवलं, मागून ड्रम थांबला. मंडळीला थांबायचं सुचलंच नाही. त्यांना चेवच आला होता. ताई स्टुलावर गर्रकन वळली आणि आमच्याकडे तोंड करून बसली. एकतीस वर्षं तिने आमच्याकडे पाठ केलेली होती आणि तिच्या कानाशी पेटी होती. आम्ही गातो कसे हे तिने कधी ऐकलंच नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं.

मग ती उठली, व्यासपीठावरून खाली उतरली आणि सरळ माझ्या बाकाशी आली. बायको सरकली. सगळे उभे असताना ताई एकटी बसली.

मी वाकून म्हणालो, "ताई, अगं पेटी..."

"राहू दे."

चौथं कडवं सुरू होत होतं. मला वाटलं, आता तरी ही गाईल. पण तिचे ओठ हलेनात. "गा की," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. आई गेली त्या दिवशी ताई स्वयंपाकघरात उभी होती, तेव्हा तिचा चेहरा असा होता. "मला शब्द येत नाहीत रे," ती म्हणाली.

माझा विश्वास बसेना. पण खरंच, कधी आले असते? तिच्या डोळ्यांसमोर नेहमी पट्ट्या, डोक्यात नंबर, आणि कानात पेटी. मी तिच्या कानाशी वाकलो आणि ओळ सांगायला लागलो, मंडळीच्या एक पाऊल पुढे. बैस जिवा, टेक पाठ, कसली आता घाई. ती बारीक आवाजात, अडखळत, सगळ्यांच्या मागून गात होती. ज्याने तुला बोलाविले, तो कुठे जात नाही. तिसऱ्या ओळीचा शेवट तिने वर नेला की खाली, ते मला ऐकू आलं नाही. मी रडत होतो आणि या वेळी चिडलो नव्हतो.

उपासना संपल्यावर लोक तिच्याभोवती गोळा झाले, तिची पाठ थोपटायला. त्यांना वाटत होतं आपण लढाई जिंकली. ड्रमवाला पोरगा दबकत आला. त्याला काय विचारायचंय ते तिने ओळखलं.

"मागे नेऊन ठेवा," ती म्हणाली. "उचलताना कडेला धरू नका, खालून धरा."

"आत्या, नको," भिंगरी म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "आपण पुन्हा बसवू. लोकांना समजावू."

"तू वाजव. मी आता खाली बसणार आहे." तिने भिंगरीच्या गालावर चापटी मारली. मग आपली पिशवी शोधत इकडेतिकडे फिरली, ती तिच्या खांद्यालाच होती.

बाहेर पायऱ्यांवर मी तिला गाठलं. मला पुढच्या रविवारची धास्ती होती. पेटी हलली तर पायरी चढणार नाही, हे तिचं बोलणं मी विसरलो नव्हतो.

"म्हणजे तू येणार ना?" मी विचारलं.

"येणार. बाकीच्या गीतांत काय काय लिहिलंय ते बघायला नको का?" ती म्हणाली. दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. "ते शेवटचं कडवं पुन्हा सांग."

मी सांगितलं. तिने ते मनातल्या मनात म्हटलं, बोटं पिशवीच्या बंदावर हलत होती.

"मला हे माहीत असतं," ती म्हणाली, "तर जरा हळू वाजवलं असतं रे."